रोमन डोडेकाहेड्रॉन: बारा पैलूंच्या त्या काशाच्या कोड्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे नक्की आहे तरी काय?

काशाची ओतीव वस्तू, आतून पोकळ, मुठीत मावेल एवढी किंवा जरा मोठी. बारा पैलू, प्रत्येक पैलू पंचकोनी, प्रत्येक पैलूच्या मधोमध एक गोल भोक आणि वीसच्या वीस कोपऱ्यांवर एकेक छोटं बोंड. भूमितीच्या पुस्तकात याला द्वादशफलक म्हणतात, इंग्रजी नाव डोडेकाहेड्रॉन. सगळ्यात लहान नग साधारण 4 सेंटीमीटरचा, मोठ्यात मोठा 11 च्या आसपास. यातली भोकं एका मापाची नसतात, एकाच नगात एक भोक करंगळी जेमतेम जाईल असं आणि दुसरं त्याच्या दुप्पट तिप्पट, हे लक्षात ठेवा कारण पुढे जवळपास प्रत्येक अंदाज या भोकांपाशीच येऊन अडतो.

किती सापडलेत आणि कुठे?

शंभराहून जास्त. इंग्लंड, फ्रान्स, बेल्जियम, नेदरलँड्स, जर्मनी, स्वित्झर्लंड, लक्झेंबर्ग, आणि पूर्वेला ऑस्ट्रिया-हंगेरीपर्यंत थोडेफार. म्हणजे रोमन साम्राज्याचा वायव्येकडचा थंड भाग, जिथे रोमन यायच्या आधी केल्टिक भाषा बोलणारे लोक राहायचे, गॉल (म्हणजे आजचा फ्रान्स, बेल्जियम आणि आसपासचा भाग) आणि ब्रिटन वगैरे.

आता नकाशावर नसलेली ठिकाणं बघा. इटलीत एकही नाही, म्हणजे ज्या रोमच्या नावाने आपण याला ओळखतो तिथेच नाही. स्पेनमध्ये नाही, उत्तर आफ्रिकेत नाही, इजिप्त, सीरिया, ग्रीस कुठेच नाही. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला हा सगळ्यात मोठा पुरावा आहे आणि लोक नेमका तोच सोडून देतात आणि वस्तूच्या आकारावर बोलत बसतात.

पहिला कधी सापडला?

नोंद आहे ती 1739 सालची, इंग्लंडच्या हर्टफर्डशरमधल्या ॲस्टन गावातली. तो लंडनच्या सोसायटी ऑफ अँटिक्वेरीजसमोर, म्हणजे जुन्या वस्तूंच्या अभ्यासकांच्या संस्थेसमोर, ठेवला गेला होता. तेव्हापासून पावणेतीनशे वर्षांहून जास्त काळ माणसं यावर डोकं लावतायत.

रोमन लोक याला काय म्हणायचे?

माहीत नाही कुणालाच. हाताशी असलेल्या एकाही लॅटिन किंवा ग्रीक लिखाणात या वस्तूचा उल्लेख नाही, एकाही भित्तिचित्रात, मोझेकमध्ये, थडग्यावरच्या कोरीव कामात ती दिसत नाही, आणि वस्तूंवरही अक्षर नाही की आकडा नाही. डोडेकाहेड्रॉन हे नाव नंतरच्या अभ्यासकांनी आकार बघून दिलेलं.

मग ते किती जुने आहेत हे कसं कळलं?

काशाचं वय थेट काढता येत नाही, कार्बन डेटिंग लाकूड, हाड, कोळसा अशा गोष्टींना चालतं. त्यामुळे सोबत काय सापडलं त्यावरून ठरवावं लागतं, म्हणजे खापरं, नाणी, मातीचा थर. तसं बघितलं तर हे नग इसवी सनाच्या दुसऱ्या ते चौथ्या शतकातले निघतात. अडचण अशी की जुन्या काळी सापडलेले बरेचसे नग शेतात नांगर लागून वर आलेले किंवा कुणाच्या तरी संग्रहातून आलेले, त्यामुळे नेमके कुठल्या खड्ड्यातून, कशाच्या शेजारून निघाले याची नोंदच नाही. वस्तू आहे पण तिचा शेजार हरवलाय, आणि या विषयात खरं नुकसान तिथेच झालंय.

बनवायला अवघड होतं का?

हो, चांगलंच. मेणाचा नमुना करून त्यावर मातीचा साचा चढवायचा, मग मेण वितळवून काढायचं आणि त्या पोकळीत काशाचा रस ओतायचा अशी पद्धत. ज्यांनी ओतारी लोकांचं काम जवळून बघितलंय त्यांना लगेच कळेल की आतून पोकळ, बारीक भिंतीची, बारा भोकं आणि वीस बोंडं असलेली वस्तू एका ओतीत नीट निघणं किती कठीण आहे. भोकांभोवती बऱ्याचदा एकात एक वर्तुळंही कोरलेली असतात. 2023 मध्ये इंग्लंडला सापडलेल्या नगाची धातू तपासली तेव्हा साधारण 75 टक्के तांबं, 7 टक्के कथील आणि 18 टक्के शिसं निघालं. शिसं घातलं की रस पातळ होतो आणि साच्याच्या कोपऱ्याकोपऱ्यात पोचतो, म्हणजे हे काम जाणकार माणसाचं. धातू महाग, मेहनत भरपूर, तेव्हा ही काही घरात इकडेतिकडे पडलेली स्वस्त चीज नव्हती. काही नग तर नाण्यांच्या पुरून ठेवलेल्या साठ्यात सापडलेत.

हा फासा असेल का?

पहिल्यांदा बघणारा प्रत्येकजण हेच विचारतो. पण फाशाला प्रत्येक बाजूवर काहीतरी खूण लागते आणि इथे आकडे नाहीत, ठिपके नाहीत. भोकं लहानमोठी असल्यामुळे वजन सगळीकडे सारखं नाही, म्हणजे टाकला तर काही बाजू जास्त वेळा वर येणार. शिवाय कोपऱ्यावरच्या बोंडांनी तो नीट घरंगळतही नाही. रोमन लोकांचे फासे आपल्याकडे ढिगाने आहेत, हाडाचे, ठिपकेवाले, आजच्यासारखेच. इजिप्तमध्ये वीस पैलूंचे, ग्रीक अक्षरं कोरलेले फासेसुद्धा मिळालेत. म्हणजे जास्त पैलूंचा फासा हवा तेव्हा त्यांनी तो खुणा घालून केला होता.

मेणबत्तीचा स्टँड?

ही कल्पना बरीच जुनी आहे आणि तिला थोडा आधार आहे, कारण एकदोन नगांच्या आत मेणाचे अंश सापडले होते. भोकं वेगवेगळ्या मापाची का, तर वेगवेगळ्या जाडीच्या मेणबत्त्यांसाठी, असं म्हणतात. मला हे पटत नाही. शंभराहून जास्त नगांपैकी एकदोनात मेण म्हणजे त्या दोघांच्या मालकांनी तसं वापरलं असेल एवढंच म्हणता येतं, आपल्याकडे जुन्या पितळी तांब्यात लोक फुलं ठेवतात तसं. आणि मेणबत्ती काय फक्त गॉल आणि ब्रिटनमध्येच लावायचे का?

विणकामाचं साधन आहे ना ते? मी व्हिडिओ बघितलाय.

सगळ्यात जास्त मेसेज यावरच येतात म्हणून इथे जरा सविस्तर लिहितो. 2014 पासून इंटरनेटवर हे फिरतंय की पाच बोंडांभोवती लोकर अडकवून टाके उचलत गेलं की भोकातून खाली विणलेली नळी उतरते आणि ती हातमोज्याचं बोट होते. भोकं लहानमोठी का, तर बोटं लहानमोठी असतात म्हणून. थंड प्रदेशातच का सापडतात, तर तिथे हातमोजे लागतात म्हणून. ऐकायला इतकं छान जुळतं की मीसुद्धा बरेच दिवस हेच खरं मानून चाललो होतो.

मग मी एक थ्रीडी प्रिंट करून घेतला आणि माझ्या मावशीला दिला, ती चाळीस वर्षं विणकाम करतेय, स्वेटर, मोजे, बाळांची कुंची सगळं. तिने दोन संध्याकाळी त्यावर लोकर चालवली आणि नळी निघाली, हो, व्यवस्थित निघाली. पण दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "अरे, भोकाचा काही संबंधच नाही. नळी किती जाड होणार ते या गोळ्या एकमेकींपासून किती लांब आहेत त्यावर ठरतं, आणि त्या तर सगळीकडे सारख्याच अंतरावर आहेत." मग तिने मोठं भोक आणि छोटं भोक अशा दोन बाजूंनी विणून दाखवलं, दोन्ही नळ्या एकसारख्या. ज्या भोकांचा उलगडा म्हणून ही कल्पना लोकांना आवडते त्या भोकांचा उलगडा ती करतच नाही, आणि हे मला विणणाऱ्या बाईकडून कळलं, कुठल्या लेखातून नाही.

बाकीच्या अडचणीही आहेत. त्या काळात सुयांवरचं विणकाम होतं याचा पुरावा नाही, त्याचे सगळ्यात जुने नमुने कित्येक शतकांनंतरचे, इजिप्तमधले आहेत. रोमन काळातले मोजे मिळालेत पण ते एका सुईने गाठी मारत केलेले, ती रीतच वेगळी. अशी नळी काढायला पाच खिळे ठोकलेली लाकडाची चकती पुरते, त्यासाठी महागडं ओतीव कासं कोण वापरेल? आणि शेकडो तास लोकर घासली गेली असती तर बोंडांच्या मुळाशी झीज दिसायला हवी होती, ती बहुतेक नगांवर दिसत नाही.

सोन्याच्या तारेच्या साखळ्या विणायला वापरत असतील असाही एक पोटप्रकार आहे. तार लोकरीपेक्षा जास्त घासते, त्यामुळे झिजेचा प्रश्न तिथे आणखी मोठा होतो.

अंतर मोजायचं किंवा पेरणीची तारीख काढायचं यंत्र?

कल्पना अशी की समोरासमोरच्या दोन भोकांतून बघायचं, एक लहान एक मोठं, आणि लांबच्या वस्तूची उंची माहीत असली की किती लांब आहे ते काढायचं. सैन्याला उपयोगी. दुसरी कल्पना, सूर्याचे किरण कुठल्या भोकातून कसे पडतात यावरून शरद ऋतूतल्या पेरणीचा दिवस ठरवायचा. दोन्हींवर लोकांनी गणितं करून दाखवलीत आणि ती गणितं चुकीची नाहीत.

पण मोजमापाच्या साधनाला एक गोष्ट लागतेच, ती म्हणजे ठरलेलं माप. किराणा दुकानदाराकडे प्रत्येक वजन वेगळ्याच भाराचं असेल तर तराजूचा काय उपयोग? इथे दोन नग एकमेकांशी जुळत नाहीत, आकार वेगळा, भोकांची मापं वेगळी, भोकांचा क्रम वेगळा, आणि वाचायला एकही खूण नाही. शिवाय रोमन सर्व्हेअर काय वापरायचे ते आपल्याला माहीत आहे, त्यांचं ग्रोमा नावाचं ओळंबे लटकवलेलं साधन पाँपेईत सापडलंय आणि थडग्यांवर कोरलेलंही आहे. आणि सैन्याचं साधन असतं तर सैन्य जिथे जिथे गेलं तिथे ते गेलं असतं, सीरियाच्या सरहद्दीवर, आफ्रिकेत, सगळीकडे.

पाण्याच्या नळांचं किंवा नाण्यांचं गेज?

वरचंच उत्तर. नळांच्या बाबतीत तर रोमन लोक अत्यंत काटेकोर होते, फ्रोंटिनस नावाच्या अधिकाऱ्याकडे 97 साली रोमच्या पाणीपुरवठ्याचं काम आलं आणि त्याने नळांची मापं एकेक करून लिहून ठेवलीत. असं माप तपासायचं साधन असतं तर त्याने ते गाळलं नसतं असं मला वाटतं.

काठीच्या टोकाला बसवत असतील का? राजदंड, गदा असं काही?

गदा नाही, भिंती पातळ आहेत, एका फटक्यात चेपल्या असत्या. पण काठीच्या टोकाला बसवण्याची गोष्ट मी सहज उडवून लावणार नाही. जर्मनीत क्रेफेल्ड-गेलेप इथे चौथ्या शतकातल्या एका बाईच्या कबरीत हा नग सापडला आणि त्याच्या जवळ हाडाची दांडीसारखी वस्तू होती. ती दांडी याच नगाची होती असं सिद्ध झालेलं नाही. तरी एका बाईसोबत, मेल्यानंतर न्यायच्या वस्तूंमध्ये ठेवलेला, हे वाचलं तेव्हा मी मोजमाप वगैरे कल्पनांपासून बराच लांब गेलो.

ओतारी लोकांची परीक्षा असेल का, कौशल्य दाखवायला केलेला नमुना?

ही मला आवडलेली कल्पना आहे. शिकाऊ माणसाने हा नग नीट ओतून दाखवला की तो तयार झाला असं समजायचं. मापं जुळत नाहीत, झीज नाही, खुणा नाहीत, हे सगळं यात बसतं. बसत नाही ते एवढंच की मग ते ओतशाळांच्या आसपास जास्त सापडायला हवे होते, बायकांच्या कबरीत किंवा नाण्यांच्या साठ्यात कशाला जातील.

धार्मिक वस्तू म्हणणं म्हणजे "कळलं नाही" असं म्हणण्यासारखंच नाही का?

हा आक्षेप रास्त आहे, पुरातत्त्वात तसं खूपदा झालंय. म्हणून नुसतं "धार्मिक" म्हणून थांबायचं नाही, त्यामागे काय काय आहे ते मांडतो.

एक, बारा पैलूंच्या या आकाराला जुन्या जगात अर्थ होता. ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोने पाच सम घनाकृतींपैकी (सगळे पैलू एकसारखे असलेल्या आकृती) चार घनाकृती अग्नी, पृथ्वी, वायू आणि पाणी यांना जोडल्या आणि पाचवी, म्हणजे हीच, देवाने अख्ख्या विश्वासाठी वापरली असं म्हटलं. पुढे बारा पैलू आणि बारा राशी असंही जोडलं गेलं. दोन, जिनिव्हामध्ये सेंट पीटर कॅथीड्रलच्या जागी 1982 मध्ये शिशाचा भरीव, वरून चांदी मढवलेला बारा पैलूंचा छोटा गोळा सापडला आणि त्याच्या पैलूंवर बारा राशींची लॅटिन नावं आहेत. तो या पोकळ नगांच्या जातीचा नाही, भोकं नाहीत बोंडं नाहीत, पण त्याच काळात त्याच भागात कुणीतरी हा आकार राशींसाठी वापरत होतं एवढं त्यातून पक्कं कळतं. तीन, नकाशा. गॉल आणि ब्रिटनमध्ये रोमन राज्य आलं तरी तिथल्या देवदेवता, श्रद्धा गेल्या नाहीत, रोमन देवांशी मिसळून चालू राहिल्या, त्यामुळे फक्त तिथेच असणारी वस्तू ही तिथल्याच रिवाजाची असणं जास्त संभवतं.

बेल्जियममध्ये टोंगेरेनला गॅलो-रोमन म्युझियम आहे, त्यांच्याकडे गावाजवळच 1939 मध्ये सापडलेला अख्खा नग आहे आणि 2022 च्या डिसेंबरमध्ये कोर्टेसेमच्या शेतात मेटल डिटेक्टरवाल्या हौशी माणसाला मिळालेला तुकडाही तिथेच गेला. तिथल्या अभ्यासकांचा कल भविष्य बघणं, जादूटोणा या बाजूला आहे. पुढे ख्रिश्चन सम्राटांच्या काळात असल्या गोष्टींवर कडक बंदी आली, म्हणून कुणी लिहून ठेवलं नसेल असं ते म्हणतात. शक्य आहे.

2023 चा नॉर्टन डिझनीचा नग एवढा गाजला का?

कारण तो खणून काढलेला आहे, शेतात उचललेला नाही. इंग्लंडमध्ये लिंकनशर परगण्यात नॉर्टन डिझनी गाव आहे, तिथल्या इतिहासप्रेमी गावकऱ्यांचा गट आहे, त्यांच्या स्वयंसेवकांनी एका मोठ्या खड्ड्यात तो शोधला. साधारण 8 सेंटीमीटर, 245 ग्रॅम, कुठेही तडा नाही, झीज नाही, जणू कालच ओतलाय. ब्रिटनमधला तो 33 वा धरतात. सोबत चौथ्या शतकातली खापरं होती, म्हणजे शेजार शाबूत. आणि जवळच 1989 मध्ये घोड्यावर बसलेल्या देवाची छोटी मूर्ती मिळालेली आहे, त्यामुळे तिथे काही पूजास्थान होतं का हा प्रश्न आपोआप उभा राहतो. नोकरीधंदा सांभाळून चिखलात गुडघ्यावर बसून माती उकरणाऱ्या माणसांनी हे काम केलं याचं मला फार कौतुक वाटतं.

आपल्याकडे, महाराष्ट्रात असं काही सापडलंय का?

नाही. रोमन वस्तू मात्र भरपूर. कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या टेकाडावर पोसायडन या समुद्रदेवाची काशाची सुंदर मूर्ती आणि बाकीची काशाची भांडी मिळाली, नेवाशाला, तेरला रोमन व्यापाराच्या खुणा आहेत. पण तो माल इजिप्तमार्गे, लाल समुद्रातून येणारा, भूमध्य समुद्राच्या बाजूचा. आणि तिथे हे नग मुळात नव्हतेच, तर ते आपल्या बंदरांपर्यंत येणार कुठून. कोल्हापूरला पोसायडन येतो आणि डोडेकाहेड्रॉन येत नाही, हेही नकाशाच्याच पुराव्याला धरून आहे.

व्हिएतनाम, म्यानमार या बाजूला सोन्याचे अगदी बारके बारा पैलूंचे पोकळ मणी मिळालेत, भोकं आणि कोपऱ्यावर दाणे असलेले, फोटोत डिट्टो तसेच दिसतात. ते नखाएवढे दागिन्यातले मणी आहेत. दोन्हींचा संबंध दाखवणारा दुवा मधल्या प्रदेशात नाही, म्हणून मी तरी ते वेगळे धरतो.

वीस पैलूंचाही आहे म्हणे?

हो, एकच. जर्मनीतल्या आर्लोफचा, बॉनच्या म्युझियममध्ये आहे. त्रिकोणी पैलू पण कोपऱ्यांवर तशीच बोंडं. सुरुवातीला तो बारा पैलूंचाच समजला गेला होता. म्हणजे करणाऱ्याला बारा हा आकडा मोडायची मुभा होती, आणि राशीवाल्या कल्पनेला हे जरा खटकतं, ते मान्य करायला हवं.

तुमचं स्वतःचं मत काय?

गॉल आणि ब्रिटनमधल्या श्रद्धेशी जोडलेली, बाळगायची किंवा मिरवायची वस्तू, बहुधा दांडीवर किंवा कशावर तरी बसवलेली, काम करायचं हत्यार नाही. मला असं वाटायचं मुख्य कारण म्हणजे मापं जुळत नाहीत. ज्या वस्तूने काम करायचं असतं तिचं माप ठरतं, आणि जी वस्तू नुसती जवळ असणं महत्त्वाचं असतं तिचं रूप ठरतं, माप मोकळं राहतं. देवघरातल्या घंटा बघा, प्रत्येक घरात लहानमोठी पण ओळखायला चूक होत नाही. या नगांचं तसंच आहे, भोकं, बोंडं, बारा पैलू हे रूप सगळीकडे तेच आणि मापं मात्र हवी तशी.

मला नवीन कल्पना सुचलीय, पाठवू का?

जरूर पाठवा, फक्त आधी स्वतःच एवढं विचारून बघा: ही वस्तू इटलीत का नाही? दोन नगांची भोकं का जुळत नाहीत? झीज का नाही? बोंडं कशासाठी? लाकडाने किंवा मातीने भागलं नसतं का? "बोंडं असतील शोभेला" म्हणून पुढे जाऊ नका, वीस बोंडं ओतायला कुणीतरी रात्री जागलाय. आणि जमलं तर थ्रीडी प्रिंट करून त्या कामाची सवय असलेल्या माणसाच्या हातात द्या, विणकाम असेल तर विणणाऱ्याच्या, मोजणी असेल तर मोजणीदाराच्या. फाईली इंटरनेटवर फुकट मिळतात.

प्रत्यक्ष कुठे बघता येईल?

टोंगेरेनचं गॅलो-रोमन म्युझियम, बॉनचं राईनिशेस लांडेसम्युझियम, स्वित्झर्लंडला आवाँशचं रोमन म्युझियम. युरोपात कुणी नातेवाईक असतील आणि तिकडे जाणं झालं तर वेळ काढून जा. काचेला नाक लावून भोकातून पलीकडच्या भोकाकडे बघा, दोन्ही वर्तुळं एकात एक येतात का ते बघा, आणि बोंडांच्या मुळाशी झीज दिसते का तेही बघून मला नक्की कळवा.